फॅट मोजणारं शहर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या रुग्णालयांत हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. आधी जुलाब, पोटात कळा. मग काही दिवसांनी जिना चढता येईना, हातातला पेला धरवेना. काहींना श्वासासाठी थेट व्हेंटिलेटर. गुलेन बारे सिंड्रोम हे नाव तोवर न्यूरॉलॉजीच्या वॉर्डाबाहेर फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं. महिनाभरात ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं रिक्षावाल्यांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही साथ ओसरली तेव्हा रुग्णांची संख्या सव्वादोनशेच्या आसपास गेली होती आणि बारा जण दगावले होते.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, पुण्यातच. तिथे रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. काहींत नोरोव्हायरसही होता. हा कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेला की बहुतेकांना चारसहा दिवसांची हगवण होते आणि माणूस बरा होतो. हजारांत एखाद्याच्या बाबतीत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. तोच जीबीएस.

हा जिवाणू माणसाच्या पोटात येतो त्या वाटा वैद्यकशास्त्राला पुष्कळ वर्षं ठाऊक आहेत. दूषित पाणी ही एक. न उकळलेलं दूध ही दुसरी. कोंबडीचं कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि ते कापलेल्या सुरी-फळीवरून कोशिंबिरीपर्यंत गेलेला ओलावा ही तिसरी. पुण्यात संशय मुख्यतः पाण्यावर गेला आणि त्याला कारण होतं: नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण शुद्ध केलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पुरतं पोहोचलेलं नव्हतं. पाण्याचे नमुने घेतले गेले, क्लोरीन वाढवलं गेलं, खासगी टँकरवाल्यांना नोटिसा गेल्या. कोंबडीबद्दल मंत्र्यांनी सांगितलं की नीट शिजवून खा, घाबरू नका. खडकवासल्याच्या परिसरातल्या कुक्कुटपालनांतूनही नमुने गोळा झाले.

त्या दिवसांत वेगळाच प्रश्न मनात येत राहिला. साथ आली म्हणून कोंबडीचे नमुने घेतले. पण एरवी, एखाद्या साध्या मंगळवारी, या शहरात विकल्या जाणाऱ्या कोंबडीत हा जिवाणू आहे का, हे पाहण्याचं काम कोणाचं आहे? दुधात आहे का, हे कोण पाहतं? चार कार्यालयांचे जिने चढले की कळतं की उत्तर द्यायला कोणीच थेट जबाबदार नाही. दूध रोज तपासलं जातं, मांसावर शिक्के मारले जातात, कायदे आहेत, प्रयोगशाळा आहेत. पण या सगळ्या तपासण्या नेमकं काय शोधतात ते पाहिलं की ध्यानात येतं की आपण दुधात चोरी शोधतो आणि मांसात अधर्म. आजार शोधण्यासाठी आपण यंत्रणा उभी केलेलीच नाही.

डिग्री किती लागली?

पुण्याचं दूध पुण्यात थोडंच तयार होतं. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, जुन्नर, खेड आणि त्यापलीकडे नगर, सांगली, कोल्हापूरपर्यंतच्या गोठ्यांतून ते येतं. पहाटे गावातल्या संकलन केंद्रावर किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागते. केंद्रचालक दूध ढवळून थोडा नमुना काढतो, मिल्कोमीटरखाली धरतो, पडद्यावर आकडे उमटतात. रांगेतला प्रश्न एकच असतो: फॅट किती, डिग्री किती?

फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं वाचन, दुधाची घनता. या दोन्हींवरून एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, किती ते काढतात. गाईच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर जाहीर होतो. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं तेही याच मापावर. त्याखाली पॉइंट गेला की पैसे कापले. आपल्याच दुधाला आज कमी फॅट का लागलं, यंत्र बरोबर आहे का, काटा बरोबर आहे का, ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आणि पुष्कळदा रास्त आहे. भेसळीचा संशयही तितकाच जुना; जून २०२३ मध्ये राज्याने अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात दूधभेसळ रोखण्यासाठी समित्या नेमल्या.

हे माप मागे कसं आलं ते समजून घेण्यासारखं आहे. शहरात गवळी दारात येऊन दूध घालत असे तेव्हा त्याच्यावर पहिला संशय पाण्याचा. त्यावर उपाय म्हणून लॅक्टोमीटर आला. दूध पाण्यापेक्षा जड. पाणी घातलं की काचेची नळी खोल जाते, डिग्री उतरते. पण चोराने त्यावरही तोड काढली. साय हलकी असते. आधी साय काढून घेतली की दूध आणखी जड होतं, मग हिशेबाने पाणी घातलं की डिग्री पुन्हा जागेवर. लॅक्टोमीटर एकटा फसतो तो इथे. म्हणून साय मोजणारी गर्बरची पद्धत आली: बुटिरोमीटरच्या काचेच्या नळीत दूध आणि गंधकाम्ल घालायचं, यंत्रात फिरवायचं, वर जमलेल्या स्निग्धांशाची रेघ वाचायची. मग साखर, पिठी, मीठ, युरिया घालून डिग्री आणि एसएनएफ चढवण्याचे प्रकार आले. त्यांना पकडायला आयोडीन आणि इतर रसायनांच्या चाचण्या आल्या. वनस्पती तेल आणि डिटर्जंट यांच्यापासून बनावट दूध करणारेही निघाले. दूध तपासणीचा सगळा इतिहास असा चोर आणि शिपायाच्या पाठशिवणीचा आहे.

या पाठशिवणीतून फायदाही मोठा झाला, हे मान्य केलंच पाहिजे. भिलवडीला १९३९ मध्ये सुरू झालेली चितळे डेअरी, १९६० चा पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, ज्याला सगळे कात्रज डेअरी म्हणतात, आणि नंतरची दूध महापूर योजना या सगळ्यांनी दूध थंड केलं, पाश्चराइझ केलं, पिशवीत भरलं. पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद, किंवा जुन्या पद्धतीने ६३ अंशांना अर्धा तास. ते नीट झालं का, हे फॉस्फटेझ या विकराच्या चाचणीने कळतं. उष्णता पुरेशी मिळाली असेल तर ते विकर नष्ट झालेलं असतं. आणि शेवटची राखण घरातल्या बायकांनी केली. पिशवी फोडली की दूध आधी तापवायचं, ही आपल्या स्वयंपाकघरातली रीत. क्षय, ब्रुसेलोसिस, विषमज्वर, कॅम्पिलोबॅक्टर, सगळे त्या उकळीत मरतात. इंग्लंड-अमेरिकेत कच्चं दूध पिऊन मुलं क्षयाने गेली तशी आपल्याकडे दुधामुळे त्या प्रमाणात का गेली नाहीत, याचं बरंचसं श्रेय गॅसपाशी उभं राहून दुधावर लक्ष ठेवणाऱ्या त्या बाईला आहे. कुठल्याही सरकारी अहवालात तिची नोंद नाही.

पण उकळीने जे जात नाही त्याचं काय?

गाईच्या सडाला सूज आली, गावच्या भाषेत दगडी झाली, की प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. औषध दिल्यावर ठरलेले दिवस ते दूध विकायचं नसतं. ज्याच्या घरात दोनच गाई आहेत आणि एकीचं दूध ओतून टाकायचं आहे, त्याला हा नियम पाळणं किती जड जातं ते संकलन केंद्रावर उभं राहिलं की कळतं. ते दूध कॅनमध्ये जातं, कॅन टँकरमध्ये, टँकर पिशवीत. औषधाचे अंश उकळून जातात असं धरून चालता येत नाही. तसंच अफ्लाटॉक्सिन एम-१. पावसाळ्यात सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड, मका ओल धरतो, त्यावर बुरशी चढते. ती जनावराच्या पोटात गेली की तिचं विष दुधात उतरतं. ते यकृताचा घात करणारं आहे आणि उकळी त्याला बाधत नाही. आपल्याकडे त्याची कायदेशीर मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने घेतले. भेसळीचं दूध निघालं बारा नमुन्यांत. प्रतिजैविकं मर्यादेपलीकडे निघाली ७७ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपलीकडे निघालं ३६८ नमुन्यांत. दूध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युरिया आणि डिटर्जंट येतं, छापे येतात, टीव्हीवर नाल्यात ओतलं जाणारं पांढरं पाणी येतं. पण त्या पाहणीत ज्याची भीती आपण सर्वांत कमी बाळगतो ते बुरशीचं विष भेसळीच्या तीसपट नमुन्यांत होतं. आणि गावच्या संकलन केंद्रावर रोज पहाटे जो नमुना तपासला जातो, त्यात हे विष पाहिलंच जात नाही. कारण त्यावर भाव ठरत नाही.

चार भाग, दोन थेंब

पिशवीतल्या दुधाखेरीज पुण्यात अजूनही पुष्कळ सुटं दूध येतं. गणेश पेठेतली दूधभट्टी हा त्याचा घाऊक बाजार. मिठाईवाले, चहावाले, हॉटेलवाले आणि घरोघर रतीब घालणारे इथे दूध घेतात. कोजागिरीला मागणी चढली की इथला भाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत येतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत अन्न व औषध प्रशासन दूध, खवा, पनीर यांची मोहीम काढतं. खासगी बसच्या टपावरून आलेला खवा पकडला जातो, बर्फी नष्ट केली जाते.

नमुना घेण्याची रीत कायद्याने बारकाईने आखून दिली आहे. अन्न सुरक्षा अधिकारी विक्रेत्याला लेखी सूचना देतो, पंचासमक्ष दूध घेतो, त्याचे चार भाग करतो, प्रत्येकाला सील लावतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, चौथा विक्रेत्याने मागितलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर अपील, आणि राखलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत. यात पुण्याचं स्थान मानाचं आहे. स्टॅव्हली रोडवर कॅन्टोन्मेंट वॉटर वर्क्सच्या आवारातली राज्य आरोग्य प्रयोगशाळा ही जुन्या, १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालीही देशातल्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळांपैकी एक होती. कोलकाता, म्हैसूर आणि गाझियाबाद या इतर तीन. दूरच्या राज्यातल्या दुधाच्या नमुन्याचा शेवटचा शब्द पुण्यात लिहिला जात असे.

या रीतीतला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. दूध नासू नये म्हणून अधिकारी नमुन्यात फॉर्मेलिन घालतो, पंचवीस मिलिलिटरला साधारण दोन थेंब. कायद्याने ते घालायलाच लागतं, नाहीतर न्यायालयात जाईपर्यंत नमुना टिकणार कसा? फॅट, एसएनएफ, युरिया, साखर हे सगळं त्यानंतरही तपासता येतं. पण फॉर्मेलिन जिवाणू मारतं. म्हणजे नमुना कायद्याच्या कामाचा झाला की रोगजंतू शोधण्याच्या कामाचा राहत नाही. रोगजंतू शोधायचे तर वेगळा नमुना हवा, निर्जंतुक बाटलीत, बर्फात, काही न घालता, काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचलेला. नियमांत त्याचीही सोय आहे. पण त्यासाठी गाडी लागते, शीतपेटी लागते, सूक्ष्मजीव तपासणारी प्रयोगशाळा आणि माणसं लागतात. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने दाखवलं की राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ ना एनएबीएल या प्रयोगशाळा प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मानांकनच नव्हतं. तेव्हा सोपा मार्ग रूढ झाला: दोन थेंब फॉर्मेलिन आणि फॅटचा आकडा.

या मार्गाने न्याय किती लांबतो याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयातलं आहे. उत्तर प्रदेशात १९९५ मध्ये घेतलेल्या दुधाच्या एका नमुन्यात एसएनएफ ८.५ ऐवजी ७.७ निघालं. दूधवाल्याची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कायम केली. कायद्याने ठरवलेलं माप थोडंसंही चुकलं तरी चुकलंच, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण चोवीस वर्षं चाललेला हा खटला घनांशाच्या तुटीचा होता. ते दूध पिऊन कोणी आजारी पडलं का, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

लष्कराने काय पाहिलं

आजाराच्या नजरेने दूध-मांसाकडे पाहणारी यंत्रणा पुण्यात कधीच नव्हती असं नाही. ती होती, पण एका विशिष्ट माणसासाठी. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारच्या लक्षात आलं की हिंदुस्थानातले गोरे सैनिक लढाईपेक्षा कॉलरा, हगवण, विषमज्वर यांनीच जास्त मरतात. १८६३ मध्ये सैन्याच्या आरोग्याविषयीच्या रॉयल कमिशनने अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी छावण्यांसाठी कायदा झाला. छावणीच्या हद्दीतले बाजार, कत्तलीच्या जागा, विहिरी, दूधवाले यांच्यावर लष्करी डॉक्टरांची नजर बसली. पुणे कॅम्पातलं कॅनॉट मार्केट, आजचं शिवाजी मार्केट, हे त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं: मांस-मच्छीला स्वतंत्र ओटे, धुवायला पाणी, वाहून जायला गटार. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला मिलिटरी डेअरी फार्म निघाला. सैनिकाला निर्भेळ दूध आपल्या डोळ्यांदेखत मिळावं, हा त्याचा हेतू. पुण्याजवळ पिंपरीलाही असा फार्म होता. ही सगळी फार्म्स सैन्याने मार्च २०२१ मध्ये कायमची बंद केली. त्याच मार्चमध्ये शिवाजी मार्केटला आग लागली आणि मासळी-मटणाचे गाळे जळाले.

१८८९ हेच साल पुण्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या वर्षी डिसेंबरात इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. गुरांचे साथीचे रोग, बुळकांडी, फाशी, सर्रा यांचा जंतूंच्या पातळीवर अभ्यास करणारी ही देशातली पहिली संस्था. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, बरेलीची आयव्हीआरआय, तिचीच वंशज. चार वर्षांत, १८९३ मध्ये, ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली, कारण इतके घातक जंतू वस्तीजवळ ठेवणं धोक्याचं होतं. जनावरांच्या रोगांचं शास्त्र पुण्यात जन्मलं आणि शहराच्या गल्लीत उतरण्याआधीच डोंगरावर गेलं.

चारच वर्षांनी, १८९७ च्या प्लेगमध्ये, शहराने सरकारी आरोग्य तपासणी पाहिली ती गोऱ्या सोजिरांच्या रूपात. घरात शिरून माजघर, देवघर, बायामाणसं यांची तपासणी, सामान रस्त्यावर, जाळपोळ. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. या शहराच्या मनात ‘तपासणीला आले’ या शब्दांवर जो धसका बसला तो खोल आहे. छावणीत तपासणी ही सैनिकाची राखण होती, शहरात ती जुलूम म्हणून आली. तपासणी नागरिकाच्या बाजूची असू शकते, ही समजूत घडायला आपल्याला पुढे पुरेसा अवसरच मिळाला नाही.

शिक्का कोणाचा?

मांसाचा व्यवहार दुधापेक्षा फार वेगळा आहे, कारण त्यावर बोलतानाच लोक अवघडतात.

नियम पाहिले तर उत्तम आहेत. २००१ च्या केंद्रीय कत्तलखाना नियमांप्रमाणे जनावर आणल्यावर त्याला चोवीस तास विसावा द्यायचा. गाभण, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी किंवा स्वतः तीन महिन्यांच्या आतलं जनावर कापायचं नाही. पशुवैद्यकाने जनावर जिवंतपणी तपासायचं: चाल, नाक, डोळे, ताप, श्वास. एका डॉक्टरने तासाला बारापेक्षा आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. कापल्यानंतर पुन्हा तपासणी. लिम्फच्या गाठी चिरून पाहायच्या, कारण क्षय तिथे दिसतो. काळीज हाताने दाबून पाहायचं, पानकृमी असेल तर पित्तनलिका जाड लागतात. फुप्फुसं आणि काळजावर पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी दिसल्या तर तो भाग बाद करून नष्ट करायचा. मग मांसावर शिक्का.

हायडॅटिडची गोष्ट प्रत्येक पुणेकराने समजून घ्यावी अशी आहे. मेंढी-बकऱ्याच्या पोटातली ही गाठ कुत्र्याने खाल्ली की तिच्यातून कुत्र्याच्या आतड्यात सूक्ष्म पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत, भाजीवर, मुलांच्या हातांवर येतात. ती पोटात गेली की माणसाच्या यकृतात नारळाएवढी गाठ वर्षानुवर्षं वाढू शकते. म्हणजे दुकानामागे कुत्र्यांना टाकलेलं बाद फुप्फुस हे संपूर्ण गल्लीच्या आरोग्याशी जोडलेलं आहे, मटण न खाणाऱ्या घरांच्याही. मांसाची तपासणी ही फक्त मांसाहाऱ्यांची बाब आहे, हा समज इथेच कोसळतो.

नियमानुसार परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. महापालिकेचा कत्तलखाना कोंढव्याला आहे. त्याचं आधुनिकीकरण, त्याची जागा, तो कोणी चालवायचा यावर वाद झाले. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढली, तेव्हापासून मोठ्या जनावरांच्या बाबतीत पहिला प्रश्न कायदेशीर की बेकायदेशीर हाच असतो. पकडलेल्या टेम्पोतलं मांस प्रयोगशाळेत जातं ते कोणत्या प्राण्याचं हे ठरवायला. त्या मांसात जंतू होते का, ते किती तास उन्हात होतं, हे कोणी विचारत नाही.

रविवारी सकाळी शहरातल्या मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. आखाडात, गटारीला तर पहाटेपासून. ‘मावशी, सीना देऊ का मांडी?’ ‘काळीज आहे का, नातीला पाहिजे.’ पुण्याच्या आसपास कितीतरी दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असते. हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बोकडाचं मांस खात नाहीत, मेंढीचं खातात; त्यांच्यासाठी ती पाटी. गिऱ्हाईक तिच्यावर विश्वास ठेवतं आणि खाटीक तो पिढ्यान् पिढ्या पाळतो. हलाल की झटका याच्याही पाट्या, याचीही प्रमाणपत्रं. कोणतं जनावर, कोणी कापलं, कोणत्या रीतीने, हे सगळं पाटीवर सापडतं. कोणत्या पशुवैद्याने कधी तपासलं, हे सांगणारी पाटी दुकानावर दिसत नाही. गिऱ्हाईकही ती मागत नाही.

कोंबडीचं तर त्याहून अवघड. पुणे ही देशाच्या कुक्कुटव्यवसायाची एक राजधानी आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय इथेच, १९८२ ची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, एनईसीसी, इथलीच. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय आणि पशुरोग निदानाची प्रयोगशाळा औंधला. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून पक्ष्यांच्या साथी ओळखण्याचा अनुभव या यंत्रणेकडे आहे. तरीही गल्लीतल्या दुकानात पिंजऱ्यातली कोंबडी समोर कापून देतात तेव्हा तिथे कोणीही पशुवैद्य नसतो. आतडं फुटलं की त्यातला कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला मांसावर, ओंडक्यावर, सुरीवर येतो. त्याच सुरीने पुढची कोंबडी. समोर ताजी कापलेली म्हणून आपण निश्चिंत असतो. ताजेपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत.

पाच टेबलं

एका लिटर दुधाची वाट शोधत गेलं तर पाच टेबलं लागतात. गोठ्यातलं जनावर पशुसंवर्धन खात्याचं. संकलन आणि संघ दुग्धविकास खात्याचे. दूध विक्रीला आलं की ते अन्न व औषध प्रशासनाचं. दुकानाच्या जागेची स्वच्छता महापालिकेची. आणि तेच दुकान कॅम्प किंवा खडकीत असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं. जुन्या भेसळ कायद्यात ‘स्थानिक आरोग्य प्राधिकारी’ असं एक पद होतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने, जो ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, अन्नाचं काम राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांकडे एकवटलं. त्यातून निकष आणि दंड अधिक स्पष्ट झाले: निकृष्ट अन्नाला पाच लाखांपर्यंत दंड, असुरक्षित अन्नाने जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण अन्नाबाबत ‘स्थानिक’ हा शब्द कायद्याच्या केंद्रातून बाजूला गेला. सिंहगड रस्त्यावर लोक आजारी पडले तेव्हा दारोदार फिरलेले कर्मचारी महापालिकेचे होते. त्यांच्या हातात पाण्याच्या तपासणीची साधनं होती. दूध आणि मांसाच्या माहितीसाठी त्यांना दुसऱ्या कार्यालयांकडे पाहावं लागलं.

या टेबलांवरची माणसं कामचुकार नाहीत. सणासुदीला रात्रभर नाक्यावर उभे राहणारे अन्न सुरक्षा अधिकारी, दुर्गंधीत उभं राहून गाठी चिरून पाहणारे पशुवैद्य, यांचं काम कष्टाचं आणि अदृश्य आहे. त्यांच्याकडून आपण काय मागतो, हे मात्र आपल्याला ठरवावं लागेल. आपण छाप्यांची बातमी मागतो म्हणून छापे पडतात. आपण फॅट विचारतो म्हणून फॅट मोजलं जातं.

मग मागायचं काय? पहिली गोष्ट, पैशाची गाठ आजाराच्या तपासणीशी बांधावी. फॅटचा पॉइंट वाढला की भाव वाढतो म्हणूनच गावोगाव मिल्कोमीटर पोहोचला. तसंच प्रतिजैविकमुक्त आणि अफ्लाटॉक्सिनमुक्त दुधाला लिटरमागे जादा रुपया मिळाला, आणि औषध दिलेल्या गाईचं दूध वेगळं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसांची भरपाई मिळाली, तर हाच शेतकरी स्वतःहून पेंड कोरडी ठेवील. टँकरपाशी काही मिनिटांत प्रतिजैविकं दाखवणाऱ्या पट्ट्या आज मिळतात; त्या सर्व संघांना सक्तीच्या कराव्यात.

दुसरी, महापालिकेच्या प्रत्येक परिमंडळात बोकड-मेंढी आणि कोंबडीसाठी छोटं, स्वच्छ, पशुवैद्य असलेलं कत्तल केंद्र असावं, आणि खाटीक व मुलाणी व्यावसायिकांना त्यात भागीदार म्हणून घ्यावं. हे लोक पिढ्यांचं कौशल्य जाणतात. त्यांना हुसकून लावायच्या भाषेने मांस अंधारात जातं, आणि अंधारातल्या मांसाची तपासणी कोणालाच करता येत नाही.

तिसरी, निकाल जाहीर करावेत. कोणत्या प्रभागातून किती नमुने घेतले, त्यांत काय सापडलं, हे दर महिन्याला मराठीत लोकांसमोर यावं. आणि औंधचं पशुसंवर्धन आयुक्तालय, अन्न व औषध प्रशासन, महापालिका, दोन्ही कॅन्टोन्मेंट आणि एनआयव्ही यांच्या माणसांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसावं. साथ आल्यावर बोलावलेली बैठक म्हणून नव्हे, नेहमीचं काम म्हणून. जनावर आणि माणूस यांचं आरोग्य एकत्र पाहायचं तर त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या संस्था एका शहरात असण्याचं भाग्य देशात फार थोड्या शहरांना आहे.

ज्याच्या खिशात पैसे आहेत तो काचेच्या बाटलीतलं दूध घेईल, शीतगृहातलं पॅकबंद चिकन घरपोच मागवील, घरात पाण्याचं यंत्र बसवील. सुटं अर्धा लिटर दूध आणि रविवारी पावशेर मटण घेणाऱ्या घराला यातलं काही परवडत नाही. त्या घरासाठी शहराने केलेली तपासणी हेच एकमेव संरक्षण आहे आणि ते त्याला बाजारात विकत मिळत नाही. म्हणून आपल्या नगरसेवकाला, आपल्या संघाच्या संचालकाला, आपल्या खाटकाला आणि आपल्या गवळ्याला फॅटच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे: हे खाऊन-पिऊन आमचं मूल आजारी पडणार नाही, याची खात्री कोणी करून घेतली? या प्रश्नाला नाव, हुद्दा आणि तारखेसह उत्तर मिळेपर्यंत पुण्याने तो विचारत राहावा.